पेंटर, टाकीमागे

आमच्या गावातल्या निम्म्याहून जास्त दुकानांवरची पाटी आमच्या ह्यांनी रंगवलेली होती, आणि मला त्यातली एकही वाचता येत नव्हती.

गावात सगळे त्यांना पेंटर म्हणत. मी शिवणकाम करायचे. उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश, दवाखान्याचे ॲप्रन. मापं घ्यावी लागत म्हणून टेपवरचे आकडे येत होते, तेवढ्यावर माझं भागत होतं. लग्न झालं तेव्हा हे म्हणाले होते, “बस जरा, महिन्याभरात वाचायला शिकवतो.” मी म्हटलं, “तुम्ही लिहा, मी शिवते. दोघंही लिहीत बसलो तर चूल कोण पेटवणार?” ते हसले आणि विषय तिथेच राहिला. तो पस्तीस वर्षं राहिला. वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायच्या. त्यांनाही अक्षर येत नव्हतं, पण टोमणा मारायला अक्षर लागत नाही. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा,” असं माझ्याकडे बघून त्या आल्यागेल्याला सांगायच्या.

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी ब्रश कुठे ठेवला ते विसरायचे, मग ब्रश कशाला हातात घेतला ते. एकदा चपलांच्या दुकानाची पाटी अर्धी रंगवून शिडीवरून उतरले आणि घरी येऊन जेवायला बसले. तासाभराने दुकानदार शिडी खांद्यावर घेऊन दारात उभा.

“पेंटर, आमचं दुकान अर्धंच उघडलंय की हो,” तो म्हणाला.

हे त्याच्याकडे असे बघत राहिले, की त्याची पुढची चेष्टा तोंडातच राहिली. शिडी भिंतीला टेकवून तो गुपचूप निघून गेला.

त्यानंतर ते घरातूनच निघून जायला लागले. पहिल्यांदा बाजारामागे सापडले. दुसऱ्यांदा दीड दिवसाने, गावाबाहेरच्या विटांच्या भट्टीपाशी, बूट हातात घेऊन बसलेले. भट्टीवाल्यांनी नाव विचारलं तर म्हणाले, “कोणाचं?” घर विचारलं तर वर आकाशाकडे बोट केलं. भट्टीवाले घाबरले. खरं तर ते पाण्याची टाकी दाखवत होते. गावात ती एकच उंच टाकी, आणि तिच्यामागे आमचं घर. कुठूनही दिसते, फक्त त्या भट्टीवरून दिसत नाही.

वन्संनी सुताराला निरोप धाडला. “दाराला बाहेरून कडी बसवायची. येत्या सोमवारी त्याला काम आहे, त्याच्या पुढच्या सोमवारी ये म्हणून सांगितलंय.”

“वन्सं, माणूस आहे तो. कोंडून ठेवायचा?”

“मग काय हरवू द्यायचा? तुझा नवरा पस्तीस वर्षं झाला. माझा भाऊ पासष्ट वर्षं आहे.”

त्यांचंही चूक नव्हतं. पण मागे एकदा न्हाणीची खिटी अडकली होती आणि हे आत राहिले होते, पाचच मिनिटं. बाहेर आले तेव्हा दोन्ही हातांची नखं दाराच्या रंगाने भरली होती. तो रंगही त्यांनीच दिलेला. कडी लागली तर हे आत सुकून जातील, नाही लागली तर एक दिवस मिळणारच नाहीत. इकडे आड, तिकडे विहीर. आणि माझ्या हातात काय, तर सुई.

मी ठरवलं, ह्यांच्या शर्टांवर पत्ता शिवायचा. त्यांचे शर्ट पांढरे, साधे, बिनखिशाचे, डोक्यावरून घालायचे, बटणं फक्त गळ्याशी. तीन होते. छातीवर निळ्या कापडाची मोठी अक्षरं लावली, की ह्यांच्या तोंडून काही निघालं नाही तरी शर्ट बोलेल.

“पाठीवर लाव,” वन्सं म्हणाल्या. “पाठ रुंद असते.”

“पाठीवर गोणीला लिहितात, वन्सं. समोरून भेटणाऱ्याला त्यांचं तोंड बघून वाचता आलं पाहिजे.”

“लाव मग. सोमवारपर्यंत काय वाटेल ते लाव.”

पण लिहून कोण देणार? आधी मी ह्यांच्यापुढेच कागद ठेवला आणि हातात ब्रश दिला. म्हटलं, “पेंटर, टाकीमागे, असं लिहा.” ब्रश बराच वेळ हवेत होता. मग त्यांनी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली. पट्टी न लावता, ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ. अक्षरं जिच्याखाली टांगतात ती रेघ. तिच्याखाली काही आलं नाही. ब्रश धुतला, पुसला, डब्यात उभा केला आणि ते उठून गेले.

वरच्या खोलीत शाळेतल्या बाई भाड्याने राहायच्या. त्यांच्याकडे गेले.

“बाई, एवढं लिहून द्याल? एकेक अक्षर पंज्याएवढं.”

“काय लिहू, काकू?”

“वरती पेंटर. खाली टाकीमागे. बस.”

“नाव नको?”

“नावाने त्यांना मीसुद्धा हाक मारत नाही. सगळं गाव पेंटर म्हणून ओळखतं.”

बाईंनी तपकिरी कागदावर छान ठसठशीत लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवशी आठवड्यासाठी भावाकडे गेल्या. हे संध्याकाळी त्या कागदाशी वाकले, बोट फिरवलं आणि म्हणाले, “मात्रा बारीक झालीय. हिच्यात वजन नाही.” दोन महिन्यांत एवढं लांब वाक्य मी ऐकलं नव्हतं. ते अक्षर ओळखत होते की नुसता आकार, हे मला कळलं नाही. मी मात्रा जाड केली.

कापड गणवेशातलं उरलेलं होतं, गडद निळं, न विटणारं. कापड पालथं घातलं, वर कागद टाचण्यांनी बसवला आणि कडेकडेने खडू फिरवला. शिवणाऱ्याचा हात असाच चालतो. सुलट्या बाजूला खडू मारला तर रेघ दिसत राहते आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं, म्हणून खडू कायम उलट्या बाजूला. चौदाव्या वर्षापासून मी याहून वेगळं केलेलं नाही.

कापताना एक गोष्ट बघून मी थक्क झाले. सगळा शब्द एका तुकड्यात निघाला. वरच्या रेघेने सगळ्या अक्षरांना धरून ठेवलं होतं, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. नुसता वरचा ठिपका सुटा निघाला, तो बटणाएवढा वेगळा कापला. कोपऱ्यांना बारीक छेद दिले, कड आत दुमडली, पातळ खळ लावून इस्त्रीने दाबली, आणि शर्टावर ठेवून हाताने शिवत गेले. मशीन वळणावर दगा देतं. सुई अक्षरांच्या त्या आकड्यांवरून, गाठींवरून, पोटांवरून वळवताना मनात यायचं, हा माणूस उन्हात शिडीवर उभा राहून रोज एवढी वळणं घेत होता, आणि मी एकदाही विचारलं नाही की हे वळण कशासाठी.

तीन शर्टांना पाच दिवस लागले. बाईंचा कागद तोवर खळीने भिजून चिंध्या झाला होता. त्यावर वन्संनी चूल पेटवली.

शर्ट घालून हे बाहेर पडले की मी पाठोपाठ जायचे. लोक बघायचे. चपलांचा दुकानदार म्हणाला, “काकू, नवीन फॅशन दिसते.” मला वाटलं, कौतुक करतोय. किराणावाला मान एकदा इकडे, एकदा तिकडे वाकडी करत होता. मला वाटलं, मान अवघडली असेल. पेंटरच्या बायकोला कोण काय सांगणार?

रविवारी दुपारी बाई परत आल्या. हे जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, मी दारात शेंगा सोलत होते. बाई हातातली पिशवी खाली ठेवून नुसत्या बघत राहिल्या.

“काकू, हे उलटं झालंय.”

“शर्ट उलटा घातलाय?”

“शर्ट नाही हो. अक्षरं. डाव्याचं सगळं उजवीकडे गेलंय. हे कोणाला वाचता येणार नाही.”

मला पहिल्यांदा कळेचना. मग कळलं तसं हातातली शेंग हातातच राहिली. उलट्या बाजूला खडू. कॉलरला चालतं, कारण तिची दोन्ही टोकं सारखी. बाहीला चालतं, कारण जोडीला दुसरी असते. अक्षराला जोडी नसते. एवढं शिवलं, आणि हे मला माहीत नव्हतं.

“म्हणजे इतके दिवस आपण त्याला विदूषक करून फिरवला,” वन्सं आतून म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. आवाज दमलेला होता. “पुरे आता. उद्या सुतार येतोय.”

मी धुतलेले दोन शर्ट आणले आणि तिथेच बसून उसवायला लागले. बाईंनी दुसरी कातर घेतली. “मी परत लिहून देते, काकू. बसून करू. रात्रीपर्यंत एक तरी होईल,” त्या म्हणत होत्या. वन्सं कडी कुठे बसवायची ते दारावर बोटाने मोजत होत्या. तिघींच्या तीन तऱ्हा. मी मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती.

बाजार पाहिला, भट्टी पाहिली, नदीचा पूल पाहिला. बाई एकीकडे, मी एकीकडे. वन्संचे गुडघे गेलेले, तरी त्या काठी टेकत टाकीला तीन फेऱ्या मारून आल्या. भेटेल त्याला मी विचारत होते, आणि मला लाज वाटत होती, की खूण काय सांगू? छातीवर अक्षरं आहेत, पण वाचू नका?

उन्हं कलली आणि मी हात हलवत परत आले. बाईही तशाच.  आम्ही तिघी दारात बसलो. तेवढ्यात टाकीच्या कोपऱ्यावरून दोन माणसं येताना दिसली. एक आमचे हे, गुळगुळीत दाढी केलेले. दुसरा एक तरुण, खांद्यावर टॉवेल. बस डेपोपलीकडे त्याने नुकतंच सलून टाकलं होतं, गावात नवाच. तिथवर मी स्वतः कधी गेले नव्हते.

“हे तुमचे का?” त्याने विचारलं.  वन्संनी ह्यांचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

“आले आणि खुर्चीत बसले,” सलूनवाला सांगायला लागला. “मी म्हटलं, काका, दाढी की कटिंग? काही नाही. राहायला कुठे? काही नाही. शर्टावर काहीतरी होतं, पण मला वाटलं परदेशी लिपी असेल. म्हटलं, असतील कोणी पाहुणे. कापड गुंडाळलं, दाढी केली. झाल्यावर गळ्याचं कापड काढलं आणि वस्तरा पुसत होतो, तर काका बोलले. अगदी स्पष्ट. पेंटर. टाकीमागे.”

“कोणाला बोलले?” बाईंनी विचारलं.

“कोणाला नाही. समोर आरसा होता, त्यात बघून. आणि मीही आरशात बघितलं तर काय, सगळं सरळ! मी परत शर्टाकडे बघितलं, परत आरशात बघितलं. माझ्याच अंगावर काटा आला. मी म्हटलं, काका, हे तुम्ही का? तर मान डोलवली. मग म्हटलं टाकी, तर एकच आहे.”

 मी त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग वन्संनी पुन्हा सांगायला लावलं.

आमच्या घरात आरसा असा नव्हताच. ह्यांचा दाढीचा तळहाताएवढा, त्यात एका वेळी एक गाल मावायचा. पण वन्संच्या खोलीतल्या कपाटाला पूर्ण दाराचा आरसा होता, त्यांच्या आईकडून आलेला. त्याच्या आसपास त्या कोणाला फिरकू देत नसत. आता त्याच ह्यांना हाताला धरून घेऊन गेल्या आणि समोर उभं केलं. आम्ही मागे उभे राहिलो, सलूनवालासुद्धा.

हे आरशात बघत होते. आधी तोंड पाहिलं, ओळख नसलेल्या माणसाचं पाहावं तसं. मग नजर खाली आली. ओठ हलले. त्यांनी एक बोट उचललं आणि ते काचेवर नाही, स्वतःच्या छातीवर ठेवलं. बोट त्या निळ्या कापडावरून माझ्या टाक्यांना धरून हळूहळू सरकत गेलं.

“पेंटर,” ते म्हणाले. आणि त्यांचा चेहरा बदलला. घराला कुलूप आहे असं समजून परत फिरणाऱ्याला आतून कोणीतरी दिवा लावलेला दिसावा, तसा. “टाकीमागे,” ते म्हणाले. मग आमच्याकडे वळून, सगळ्यांना कळावं म्हणून पुन्हा म्हणाले, “पेंटर.”

“हो रे बाबा,” वन्सं म्हणाल्या, आणि पदराआड नाही, सरळ सगळ्यांसमोर रडल्या.

“काकू, अक्षरं सरळ शिवली असतीत तर दुसऱ्यांनी वाचली असती,” बाई हळूच म्हणाल्या. “पण त्यांना स्वतःला आरशात उलटी दिसली असती.”

मी माझ्या हातांकडे बघत होते. त्या हातांनी मला न विचारता हे काय करून ठेवलं होतं?

सोमवारी सकाळी सुतार कडी आणि कोयंडा घेऊन हजर झाला. वन्सं दारात काठी टेकून उभ्या. “कडी घेऊन जा परत,” त्या म्हणाल्या. “माझ्या कपाटाचं दार काढ आणि या दाराशेजारी भिंतीला बसव. आडवं नको, उभं. माणूस छातीपर्यंत दिसला पाहिजे.”

“आजी, कपाट बिनदाराचं राहील.”

“राहू दे. माझ्या लुगड्यांना कोण पळवतंय?”

उसवलेले शर्ट मी परत शिवले. छातीवर तशीच उलटी, पाठीवर बाईंनी नव्याने लिहून दिलेल्या कागदावरून सरळ. खडू एकदा कापडाच्या या बाजूने, एकदा त्या. पुढचं ह्यांच्यासाठी, मागचं जगासाठी. “गोणीसारखं पाठीवर शेवटी लावलंसच,” वन्सं म्हणाल्या, पण हसून. त्यानंतरही हे दोनदा चुकले. दोन्ही वेळा लोकांनी पाठीवरचं वाचून आणून सोडलं. आणि रोज सकाळी शर्टाची बटणं लावली, की ते आरशासमोर जाऊन स्वतःला वाचायचे. वाचून झालं की निदान जेवणापर्यंत ते पेंटर असायचे.

बटणं लावायला मी शेजारी असायचेच. ते बोट ठेवायचे, ओठ हलायचे, आवाज यायचा. पें. ट. र. आकार माझ्या हाताला पाठ होते. प्रत्येक अक्षराला मी डझनभर वेळा वळसा घातला होता. फक्त त्यांचे आवाज मला माहीत नव्हते. ते आवाज आता एकेक करून आपापल्या आकारात जाऊन बसायला लागले, उशी अभ्र्यात बसते तशी. मला कोणी शिकवत नव्हतं. मी नुसती उभी होते.

एक दिवस दोरा आणायला बाजारात गेले होते. रसवाल्याच्या गाड्यावर जुनी पाटी. मी सवयीने पुढे गेले आणि थबकले. त्यातला र मला दिसला. मग त्याच्याआधीचं दिसलं. गा. र. गार. पुढचं एक अक्षर अडलं, पण मला तिथेच तहान लागली. मी वळून रस्त्याकडे पाहिलं. दोन्ही बाजूंनी त्यांच्या हातच्या पाट्या. आतापर्यंत त्या नुसत्या रंगीत फळ्या होत्या. आता कुठे एक क उठून दिसत होता, कुठे म, कुठे अर्धा शब्द. मधे मधे भोकं होती, पण सगळ्या बोलत होत्या. टायरवाला, कागदवाला, घड्याळवाला, सगळे एकाच आवाजात, आणि तो आवाज ह्यांचा होता. घरात दोन शब्दांवर आलेला माणूस इथे डोक्यावर, छपरांखाली, मैलभर बोलत उभा होता. पस्तीस वर्षं मी याच्याखालून भाजी घेऊन गेले होते. मी त्या दिवशी दोरा न घेताच परत आले. बाईंना म्हटलं, “उरलेली अक्षरंही द्या.” त्यांनी दिली. वर्षभर लागलं.

तोवर ह्यांचं आणखी कमी होत चाललं होतं. एका सकाळी ते आरशासमोर उभे राहिले आणि ओठ हललेच नाहीत. बोट छातीवर ठेवलं, ते तिथेच राहिलं.  मग मीच वाचलं, “पेंटर. टाकीमागे.”

ते आरशातून माझ्याकडे बघायला लागले.

“तुम्हाला वाचता येतं?” त्यांनी विचारलं. मला ते कधी ‘तुम्ही’ म्हणाले नव्हते. मी कोण, हे त्यांना कळत नव्हतं.

“येतं,” मी म्हटलं.

त्यांनी मान डोलवली, जरा बाजूला सरकले आणि काचेत माझ्यासाठी जागा केली. मी शेजारी उभी राहिले. माझ्या अंगावर शिवणाचा करडा ॲप्रन होता, अगदी साधा, काही न लावलेला. त्यांनी माझ्या आरशातल्या ॲप्रनकडे निरखून पाहिलं. डोळे बारीक केले. लांबची पाटी वाचताना करायचे तसेच. मग डावीकडून उजवीकडे, एकेक अक्षर सुटं करत, त्यांनी त्या कोऱ्या कापडावरून माझं नाव वाचलं.

लग्नानंतर ते नाव त्यांच्या तोंडून मी चार वेळाही ऐकलं नसेल. एरवी ‘अगं’च.

अजून काही येतंय का, म्हणून मी तशीच उभी राहिले. त्यांनी पुन्हा एकदा नीट बघितलं.

“एवढंच आहे,” ते म्हणाले, आणि दार उघडून फिरायला निघून गेले.